दोन मोती, काही मोहरा आणि खुर्दा : उपमा कुणाच्या अंगणातून येते?

आजचा विषय सांगितला की निम्मे लोक इयरफोन काढून ठेवतील, याची मला पूर्ण कल्पना आहे. विषय आहे अलंकार. हो, तेच ते. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा. 'सारखा' दिसलं की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, एवढं पाठ करून आपण सगळे दहावीतून सुटलो. पण आज व्याकरणाचा तास घ्यायचा नाहीये. आज एका पत्रापासून सुरुवात करू, आणि ते पत्र आहे १७६१ सालचं.

१४ जानेवारी १७६१, पानिपत. लढाईत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. विश्वासराव गोळी लागून पडले, सदाशिवरावभाऊ गर्दीत गडप झाले आणि फौज उधळली. त्या वेळी नानासाहेब पेशवे मदतीला फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते आणि माळव्यात भेलशाच्या आसपास होते. त्यांना नक्की बातमी नव्हती. ती कळली एका सावकारी पत्रातून. सावकारांचे कासीद वेगवान असायचे. पैशाच्या धंद्यात बातमी उशिरा पोचून चालत नाही, तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही.

त्या पत्रात लढाई हा शब्दच नव्हता. मरण हा शब्द नव्हता. एखाद्या पेढीवरचं नुकसान कळवावं तसा मजकूर होता. दोन मोती गळाले, पंचवीसेक मोहरा गेल्या, आणि रुपये नि खुर्दा किती गेला त्याची मोजदादच लागत नाही, असा त्याचा आशय. वाचणाऱ्याला सगळं कळलं. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. आणि रुपये-खुर्दा म्हणजे बाकीचे सगळे.

नानासाहेब या धक्क्यातून सावरले नाहीत. त्याच वर्षी २३ जूनला पुण्यात पर्वतीवर त्यांचा मृत्यू झाला.

आता बघा, परीक्षेत हे वाक्य आलं तर कोणता अलंकार लिहाल? गंमत आहे. ज्याचं वर्णन करायचं ते 'उपमेय', आणि ज्याच्याशी तुलना करायची ते 'उपमान'. मुख चंद्रासारखं आहे म्हटलं की उपमा, मुख हाच चंद्र म्हटलं की रूपक. आणि मुखाचं नावच काढलं नाही, नुसतं 'चंद्र उगवला' म्हटलं, तर? म्हणजे उपमानानं उपमेय गिळून टाकलं, तर? जुन्या संस्कृत शास्त्रकारांच्या लेखी तो अतिशयोक्तीचा एक प्रकार. शाळेत आपण अतिशयोक्ती म्हणजे फक्त फुगवून सांगणं असं शिकतो, पण मम्मटासारखे लोक या 'गिळण्या'लाही अतिशयोक्तीतच घालतात. त्या पत्रात मोत्यांनी माणसं गिळली आहेत. कासीद वाटेत पकडला गेला तरी पकडणाऱ्याला वाटणार, कुण्या व्यापाऱ्याचं दिवाळं वाजलंय.

म्हणजे अलंकार इथे दागिना नाहीये. कुलूप आहे.

पण मला त्या पत्रातला सगळ्यात जास्त टोचणारा शब्द आहे खुर्दा. चिल्लर. हजारो माणसं मेली. शिपाई, बाजारबुणगे, यात्रेकरू, बायका. त्यांच्यासाठी जो शब्द सुचला तो चिल्लरीचा. लिहिणारा दुष्ट होता असं मी म्हणत नाही. तो पेढीवरचा माणूस होता, त्याच्या डोळ्यांसमोर रोज नाणी असायची, त्याला नाणी सुचली. आणि नाण्यांचा गुण असा की त्यांची किंमत ठरलेली असते. एकदा माणसांना नाणी म्हटलं की कोण मोती आणि कोण खुर्दा हे आपोआप ठरून जातं. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे. उपमान कुठून आलं ते बघा. लिहिणारा कुठल्या अंगणात उभा आहे ते तिथे कळतं.

आता थोडं मागे जाऊ. बरंच मागे.

भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार किती? फक्त चार. उपमा, रूपक, दीपक आणि यमक. विद्यार्थ्यांचा सुवर्णकाळ! पुढे भामह आला, दंडी आला, मम्मट आला, आणि प्रत्येकानं यादी वाढवली. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'पर्यंत पोचता पोचता आकडा शंभराच्या वर गेला होता. हा वर्गीकरणाचा छंद आहे, आणि त्यातले काही फरक इतके बारीक आहेत की मला ते केस मोजण्यासारखे वाटतात. पण त्या गर्दीत काही फार शहाणी वाक्यं सापडतात. भामहाचं म्हणणं असं की संध्याकाळ झाली, एवढी खबर दिलीत तर ते काव्य नाही, ती बातमी. काव्यात बोलणं थोडं वाकवावं लागतं. त्या वाकड्या बोलण्याला तो वक्रोक्ती म्हणतो, आणि तिच्याशिवाय अलंकारच नाही, असं त्याचं मत.

मग हे वाकवायचं कसं, त्याचे ठरलेले साचे तयार झाले. राजशेखर नावाचा एक मोठा लेखक साधारण ९०० सालच्या सुमारास होऊन गेला. त्याच्या 'काव्यमीमांसे'त 'कविसमय' सांगितले आहेत. कविसमय म्हणजे कवींनी आपापसात मान्य केलेल्या गोष्टी, खऱ्या असोत नसोत. कीर्ती पांढरी असते. हसू पांढरं. पाप काळं. राग लाल. कुठल्याही नदीचं वर्णन करा, तिच्यात कमळं हवीत. कुठलंही तळं असो, त्यात हंस हवेत. चकोर चांदणं पितो. आजच्या भाषेत सांगायचं तर इमोजींचा कीबोर्ड. सगळ्यांकडे तोच, म्हणून लगेच समजतो, आणि म्हणूनच लवकर शिळा होतो.

या साच्यांवर आतून टीका झाली ती काश्मीरमध्ये. नवव्या शतकात आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोक' लिहिला. तो म्हणतो, अलंकार हे कड्या-तोड्यांसारखे अंगावर घालायचे. काव्याचा जीव वेगळा आहे, तो न बोललेल्या अर्थात असतो. आणि हे पटवून द्यायला त्यानं उदाहरण कुठून घेतलं? थेट आपल्या गोदावरीच्या काठावरून! 'गाथासप्तशती' हा सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेला महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथांचा संग्रह. त्यातली एक गाथा आनंदवर्धनामुळे सगळ्या भारतात गाजली.

प्रसंग असा. गोदेकाठच्या झाडीत एक बाई आपल्या प्रियकराला भेटते. पण एक देवभोळा गृहस्थ रोज तिथे फुलं तोडायला यायला लागतो. तिथल्या एका कुत्र्याला तो आधीच घाबरून असतो. ही बाई त्याला मोठ्या प्रेमानं सांगते की आता बिनधास्त फिरा, ते कुत्रं मेलं, त्या झाडीत राहणाऱ्या सिंहानं त्याला मारलं. बस, एवढंच. शब्दात आमंत्रण आहे. अर्थ आहे, इकडे पुन्हा पाऊल टाकू नकोस. कमळ नाही, चंद्र नाही, एकही दागिना नाही. एक बाई, एक कुत्रं, आणि एक सिंह, जो बहुतेक नाहीच. मला आनंदवर्धनाचं कौतुक वाटतं ते यासाठी की एवढा मोठा संस्कृत पंडित, आणि खेड्यातल्या एका बाईचं बोलणं तो काव्याचा नमुना म्हणून पुढे ठेवतो.

आता ज्ञानेश्वर. १२९० साल, नेवासे. गीतेचे सातशे श्लोक आणि त्यावर जवळजवळ नऊ हजार ओव्या. एवढ्या ओव्यांत काय आहे? तत्त्वज्ञान आहेच, पण जागा कशानं व्यापली आहे विचाराल तर उपमांनी. एक सांगून थांबायचं नाही. एका गोष्टीला तीन, चार, पाच उपमा. याला मालोपमा म्हणतात. वाचताना कधी कधी वाटतं, माउली, कळलं हो! पण एक लक्षात घ्या, हे पुस्तक डोळ्यांनी वाचायला केलेलं नाही. ते समोर बसलेल्या माणसांना सांगितलेलं आहे. एका उपमेत जो चुकला तो दुसरीत सापडला पाहिजे. पॉडकास्ट करणाऱ्या माणसाला हे चटकन पटतं.

ज्ञानेश्वरांकडे जुना कीबोर्ड होताच. चकोर त्यांच्याकडेही आहे. पण तो काय करतो बघा. पहिल्या अध्यायात ते श्रोत्यांना सांगतात की ही कथा कशी ऐकायची, तर चकोराची पिल्लं शरदाच्या चांदण्यातले अमृताचे कोवळे कण जशी हळुवारपणे वेचतात, तशी. घासून गुळगुळीत झालेलं उपमान, पण ते बाईच्या डोळ्यांसाठी किंवा राजाच्या कीर्तीसाठी न वापरता ऐकण्याच्या क्रियेसाठी वापरलंय. त्याच अध्यायात अर्जुनाची अवस्था सांगताना भुंगा येतो. हा भुंगा वाळलेलं लाकूड सहज पोखरतो, पण कोवळ्या कळीत अडकून पडतो. एवढा मोठा योद्धा नात्यागोत्याच्या मायेत कसा अडकला, ते कळायला याहून जास्त काय हवं?

आणि माझी आवडती उपमा बाराव्या अध्यायातली. मनुष्यानं कसं असावं? तर माळी नेईल तिकडे निमूटपणे जाणाऱ्या पाण्यासारखं. हे चित्र पोथीत नाही सापडत. ज्यानं मळ्यात पाट वळवताना बघितलाय, खोऱ्यानं माती ओढून एक वाफा बंद करून दुसरा फोडताना बघितलाय, त्यालाच ते सुचतं, आणि ज्यानं बघितलंय त्याला समजवायला लागत नाही. संस्कृत न येणाऱ्या लोकांपर्यंत गीता न्यायची तर नुसती भाषा बदलून भागत नाही, उपमानंही बदलावी लागतात. त्याच शतकात महानुभावांचे चक्रधरस्वामी हेच करत होते. त्यांचे दृष्टान्त केसोबासांनी जमवले, ११४ आहेत, आणि त्या 'दृष्टांतपाठा'त त्या काळचं गाव जसं दिसतं तसं दुसरीकडे क्वचितच दिसतं.

दृष्टान्त या शब्दावर जरा थांबू या. शाळेच्या पुस्तकात तो उपमेच्या शेजारी बसलेला असतो, आणि उदाहरणाला तुकोबांचा ऐरावत ठरलेला. पण हा शब्द मुळात न्यायशास्त्रातलाही आहे. न्यायदर्शनात जे सोळा पदार्थ सांगितले आहेत त्यातला एक म्हणजे दृष्टान्त. दोन्ही बाजूंना मान्य असलेलं उदाहरण. म्हणजे हा वादातला पुरावा! शोभा नंतर.

हे डोक्यात ठेवून चोखोबांचा उसाचा अभंग ऐका. चोखामेळा, मंगळवेढ्याचे, महार जातीचे. विठ्ठलाचे भक्त, पण देवळात पाऊल टाकायची मनाई. त्या अभंगात ते ऊस घेतात. ऊस वाकडा असतो, पण त्याचा रस वाकडा असतो का? मग धनुष्य घेतात, ते वाकडं, पण बाण सरळ जातो. नदी वळणावळणानं वाहते, पण पाण्याला वळण नसतं. आणि मग स्वतःचं नाव घालतात. मी वरून वाकडा दिसत असेन, माझा भाव वाकडा नाही. मग वरच्या रंगाला का भुलता, हा प्रश्न.

ही नुसती सुंदर उपमा नाहीये, ही उलटतपासणी आहे. ऊस खाताना तुम्ही त्याचा आकार बघता का? नाही ना? नदीचं पाणी पिताना? मग माणसाच्या वेळीच का? समोरच्याला आधी तीन वेळा 'हो' म्हणायला लावलं आणि चौथ्या वेळी अडवलं. आणि उपमानं बघा, सोलापूरकडच्या कुठल्याही माणसाच्या रोजच्या नजरेतली. ती कुठल्या ग्रंथाच्या मालकीची नाहीत, त्यामुळे 'तुला कुठे शास्त्र कळतं' असं म्हणून ती फेटाळता येत नाहीत.

वाद जिंकला असं मात्र झालं नाही. १३३८ मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचं बांधकाम करताना भिंत कोसळून त्यात चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वाराशी आहे, म्हणजे दाराच्या बाहेरच. ते देऊळ अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडावं म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना तिथे उपोषण करावं लागलं, तेव्हा ते उघडलं. युक्तिवाद बिनतोड होता, आणि तरी सहाशे वर्षं लागली. अलंकाराची ताकद सांगणारे हा हिशेब सहसा सांगत नाहीत.

मधल्या पंडित कवींवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण त्यांच्याकडे करामत जास्त आहे. पण एक करामत सांगायलाच हवी. दंडी, म्हणजे वर आलेला तोच अलंकारशास्त्री, याच्या 'दशकुमारचरिता'त एक कुमार आपली गोष्ट सांगतो आणि ती सांगताना प, फ, ब, भ, म ही अक्षरं उच्चारतच नाही. का? तर प्रेयसीच्या दातांनी त्याचे ओठ दुखावलेत, आणि ही अक्षरं म्हणायला ओठ मिटावे लागतात. अख्खं प्रकरण तसं! आता बारामतीचे मोरोपंत, जन्म १७२९, मृत्यू १७९४. त्यांनी १०८ रामायणं लिहिली असं सांगतात, प्रत्येकात काहीतरी वेगळी अट. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. ओठ न मिटता म्हणायचं रामायण. आता 'राम' म्हणून बघा. शेवटी काय होतं? ओठ मिटतात. म्हणजे रामाचं नाव न घेता रामायण लिहायचं! कौशल्य अफाट आहे, मी टाळ्या वाजवतो. पण दंडीच्या गोष्टीत त्या अटीला दुखऱ्या ओठांचं कारण होतं. इथे कारण आहे ते फक्त 'मला येतं' हे. आणि लक्षात घ्या, पानिपत झालं तेव्हा मोरोपंत ऐन तिशीत होते. तो खुर्दा त्यांच्याच काळातला.

विसाव्या शतकात उडी मारू. १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. बहिणाबाई चौधरी आदल्याच वर्षी गेल्या होत्या. जळगावजवळच्या असोद्याच्या लेकी, लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करताना रचलेलं हे सगळं, त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव यांच्यामुळे टिकलं, आणि आचार्य अत्र्यांनी ते मराठीपुढे आणलं. हे तेच अत्रे, ज्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये त्या काळच्या कवींच्या ठरावीक नटव्या शब्दांची यथेच्छ टर उडवली होती. नकली काय ते ओळखणाऱ्यालाच असली पटकन सापडत असावं.

मनावर हजारो वर्षं कविता झाल्यात. मन म्हणजे माकड, घोडा, वारा. बहिणाबाईंना काय दिसलं? उभ्या पिकात शिरणारं ओढाळ गुरू. कितीही हाकला, फिरून पिकातच. हे ज्यानं शेत राखलंय त्याचं मन आहे. संन्याशाला मन आवरायचं असतं ते मोक्षासाठी. बाईला गुरू हाकलायचं असतं कारण पीक गेलं तर वर्ष गेलं. एकाच गोष्टीला दोन उपमानं, पण त्यातली गरज वेगळी. संसाराला त्या चुलीवरचा तवा म्हणतात, आधी हाताला चटके आणि मग भाकर. सांगा, पेढीवर बसून हे सुचेल?

नारायण सुर्वे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. रस्त्यावर सोडलेलं मूल, गिरणीकामगारानं वाढवलेलं. १९६६ मध्ये त्यांचा संग्रह आला, नाव 'माझे विद्यापीठ'. हे नावच रूपक आहे. कामगारवस्ती, रस्ता, गिरणी, हेच विद्यापीठ. आपल्याला हे इतकं ओळखीचं झालंय की त्यातला आगाऊपणा जाणवत नाही. पण तेव्हा विचार करा, खुर्द्यातल्या एका नाण्यानं उठून सांगितलं की माझी पण पदवी आहे.

आणि १९७२, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा', विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. यातला सूर्य मला त्या राजशेखराच्या यादीशेजारी ठेवून बघायला आवडतो. संस्कृत कवीला सूर्य दिसला की राजाचा प्रताप आठवतो. ढसाळांकडे सूर्य आहे, पण पूर्वजांनी शतकानुशतकं त्याच्याकडे पाठ करून अंधारात चालत राहावं लागलं, असा. आणि बाबासाहेब येतात ते सूर्य म्हणून नाही, हातात सूर्यफुलं ठेवणारा फकीर म्हणून. कुणी विचारेल, सूर्यच का नाही म्हटलं? मला वाटतं, सूर्य एकच असतो आणि वर असतो. सूर्यफूल हातात देता येतं, आणि ते स्वतः मान वळवून उजेड शोधतं.

तर आता एक काम तुमच्याकडे. कंजूष माणसाला आपण कवडीचुंबक म्हणतो. कवड्या चलनातून जाऊन जमाना झाला, चुंबक अजून चिकटलेलाच आहे. तुमच्या घरी, तुमच्या गावाकडे अशा माणसाला काय म्हणतात? आजीला विचारा, मामाला विचारा. गोव्याकडचं असेल, वऱ्हाडातलं असेल, बडोद्याचं किंवा इंदूरचं असेल तर आणखी बरं. व्हॉइस नोट पाठवा, तीस सेकंदांच्या आत. आणि तो शब्द ज्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलात तो माणूस काय काम करायचा, तेही सांगा.